अनुभव धागा : लग्न परदेशात आहे, वऱ्हाडाची तिकिटं कशी काढलीत?

कैरीचं_पन्हं

मंडळी, आमच्या भाचीचं लग्न ठरलंय आणि ते थायलंडला करायचं असं दोघांनी परस्पर जाहीर करून टाकलंय. यजमानांचा हिशोब सरळ आहे : राहणं-जेवण आमचं, तिकीट ज्याचं त्याचं. फक्त आजी आणि मामा यांची तिकिटं वधूपक्ष काढणार, कारण मामाशिवाय मुलीला बोहल्यावर आणणार कोण! आमच्या बाजूची तीसेक डोकी माझ्या गळ्यात पडली आहेत. पुणे, नाशिक, ठाणे आणि एक कुटुंब न्यू जर्सीचं. जागा आणि तारीख अजून पक्की व्हायची आहे, त्यामुळे बोलायला थोडा वाव आहे.

‘लवकर बुक करा, मंगळवारी बुक करा’ छापाचे सल्ले वाचून झालेत. ज्यांनी खरोखर वऱ्हाड विमानात बसवलंय त्यांनी लिहा. थायलंडच पाहिजे असं नाही, कुठलाही देश चालेल. पैसे कुठे वाचले ते लिहाच, पण कुठे गेले तेही लिहा.

कोथरूडचे_काका

जागा पक्की व्हायची आहे ना, मग वेळेवर विचारलंत. तिकिटाचा खर्च मोबाईलवर शोधायला बसतो तेव्हा ठरत नाही. हॉटेलला आगाऊ रक्कम दिली की त्याच दिवशी तो निम्मा ठरून गेलेला असतो.

आमच्या मुलाच्या लग्नाला तीन जागा चर्चेत होत्या : फुकेत, को सामुई आणि हुआ हिन. फोटोंत सामुईच जिंकत होतं. पण सामुईचा विमानतळ बँकॉक एअरवेज या विमान कंपनीच्याच मालकीचा आहे, तिथे स्पर्धा नावालाच. बँकॉकहून पुढच्या तासाभराच्या उड्डाणाला जे पैसे पडत होते, त्यात थोडी भर घातली की मुंबई-बँकॉक एका बाजूचं निघालं असतं. स्वस्तात जायचं तर सुरत थानीपर्यंत विमान, तिथून बसने डोनसाक बंदर आणि पुढे फेरीबोट. तरुण पोरांना मजा वाटली असती. आमच्याकडे दोन्ही गुडघे बदललेल्या आत्या होत्या.

फुकेतला मुंबईहून थेट विमान आहे, पाचेक तासांचं. पण थेट उड्डाणं मोजकीच. एकाच तारखेला एकाच विमानात अख्खं वऱ्हाड चढवायला गेलं की शेवटच्या दहा जणांना पहिल्या दहा जणांपेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात. हुआ हिन बँकॉकपासून दोनशे किलोमीटर, रस्त्याने तीन-साडेतीन तास. म्हणजे तिकीट फक्त बँकॉकचं काढायचं. त्या मार्गावर कंपन्याच इतक्या आहेत की कुणाची ना कुणाची तरी सवलत चालू असते, आणि पुण्याहूनही थेट विमान मिळतं. व्याही मंडळी बंगलोरहून आली, भाचे दिल्लीहून. सगळे आपापल्या सोयीच्या विमानाने उतरले. आम्ही बँकॉकहून दोन बस ठेवल्या, एक सकाळची, एक दुपारची. बसभाडं माणशी वाटून पाहिलं तर तिकिटात वाचले त्यापुढे ते किरकोळ होतं.

एक मात्र पाहून घ्या. बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं डॉन मुआंगला उतरतात. पुढचं देशांतर्गत विमान घेणार असाल तर दोन्ही तिकिटांवर एकच विमानतळ आहे ना ते बघा. नाहीतर बॅगा घेऊन बँकॉकच्या ट्रॅफिकमधून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावं लागतं.

बोर्डिंग_पास

तांत्रिक भाग मी लिहितो, कारण घराघरात यावरून भांडणं होतात.

एकाच विमानाच्या इकॉनॉमीत भाव एक नसतो. सीटा वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. स्वस्तातला कप्पा संपला की पुढचा उघडतो. आता समजा स्वस्तातल्या चारच सीटा उरल्यात आणि तुम्ही सात जणांसाठी शोधलंत. सातही जणांना एका भावात बसवायचं म्हणून यंत्रणा सातांनाही वरचा भाव दाखवते. तेच एकासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. ज्या आकड्याला भाव उडी मारतो तिथे तुमचा स्वस्त कप्पा संपला. चौघांचं वेगळं काढायचं, तिघांचं वेगळं. फुकेतच्या तिकिटांत आमच्या घरापुरतेच यातून परतीच्या टॅक्सीचे पैसे सुटले.

याला एक अट आहे. वेगळं काढलं म्हणजे पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, वेगळा. विमानाची वेळ बदलली किंवा उड्डाण रद्द झालं तर दोन पीएनआर दोन वेगवेगळ्या विमानांत टाकले जाऊ शकतात. म्हणून आजी-आजोबा, लहान मुलं आणि त्यांना सांभाळणारा माणूस हे एकाच पीएनआरमध्ये ठेवा. बाकी भावंडं विखुरली तरी काही बिघडत नाही.

साखरपुडा_पुढच्या_महिन्यात

ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी, म्हणजे आपण आधी काय शोधलं ते लक्षात न ठेवणारी, उघडून बघा, भाव कमी दिसतो. आम्ही नेहमी तसंच करतो.

बोर्डिंग_पास

इन्कॉग्निटोचं हे सगळीकडे ऐकू येतं. सकाळी बावीस दिसलं आणि संध्याकाळी पंचवीस झालं, तर ते तुमच्यावर पाळत ठेवून नाही. मधल्या वेळात कुणीतरी स्वस्त कप्प्यातल्या सीटा घेतल्या म्हणून. त्यापेक्षा गूगल फ्लाइट्सवर महिन्याचं कॅलेंडर उघडा, तारखा पुढेमागे करून बघा आणि भावाची सूचना लावून ठेवा. मंगळवारी बुक केल्याने स्वस्त पडत नाही. मंगळवारी उडल्याने बऱ्याचदा पडतं.

ठाण्याचा_तिकीटवाला

तिकिटांचा धंदा आमच्या घरात वडिलांपासून आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

एका पीएनआरमध्ये नऊ माणसं बसतात. दहा किंवा जास्त झाली की विमान कंपन्या त्याला ग्रुप म्हणतात आणि वेगळा भाव देतात. लोकांचा समज असा की घाऊक खरेदी म्हणजे स्वस्त. विमानात बऱ्याचदा उलटं असतं. ग्रुपचा भाव हा ऑनलाइन दिसणाऱ्या सर्वांत स्वस्त भावापेक्षा जास्त असू शकतो. त्यात तुम्ही जे विकत घेता ते म्हणजे निवांतपणा. माणशी ठरावीक रक्कम भरून भाव गोठवायचा, उरलेले पैसे नंतर, नावं त्याच्याही नंतर. लग्नघरात शेवटच्या महिन्यापर्यंत कोण येणार हे नक्की नसतं. ‘जावईबापूंना रजा मिळाली नाही, त्यांच्याऐवजी धाकटा येतोय’ हे ग्रुपमध्ये जमून जातं. साध्या तिकिटात नाव बदलता येत नाही. रद्द करून नवीन काढावं लागतं. उलट ग्रुपमध्ये ठरावीक संख्येपेक्षा जास्त सीटा परत केल्या तर दंड लागतो, तो करारात आधी वाचायचा.

मी गिऱ्हाइकांना सांगतो, वऱ्हाडाचे दोन भाग करा. ज्यांचं यायचं पक्कं आहे त्यांची साधी तिकिटं भाव बघून लवकर काढा. ‘बघू, कळवतो’ म्हणणाऱ्यांचा छोटा ग्रुप करा.

आमच्या धंद्यात सीरीज फेअर नावाचा प्रकार असतो. मोठे एजंट हंगामाआधी एखाद्या मार्गावरच्या सीटा एकगठ्ठा उचलतात आणि ठरलेल्या भावात विकतात. बँकॉक, दुबई, फुकेत, बाली या मार्गांवर अशा सीटा सापडतात. तारीख जवळ आली आणि सीटा पडून असल्या की चांगला भाव मिळतो. पण ती रद्द केली तर एक पैसा परत येत नाही, तारीखही बदलत नाही. लग्नाला जाणारा माणूस तारीख बदलणार नाही, म्हणून त्याला ती चालते.

पॅकेज घ्यायचं की नुसतं तिकीट, याचा कराशी संबंध आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने बिलातच आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरत नाहीत; तिकीट आणि हॉटेल एकत्र एकाच बिलात आलं की धरतात. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या रकमांवर तो २० टक्क्यांपर्यंत गेला होता. दर बजेटगणिक बदलतात, चालू दर सीएला विचारा. रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो हे खरं, पण तोवर लग्नाच्या ऐन खर्चात रक्कम अडकते. यजमानांनी सगळ्यांचं मिळून एकच बिल घेतलं तर त्यांच्या एकट्याच्या पॅनवर सगळा बोजा.

शेवटचं. न परतणारं स्वस्त तिकीट रद्द झालं तरी विमानतळाची फी आणि सरकारी कर परत मागता येतात. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, तसा नियमच आहे. लोक ‘नॉन-रिफंडेबल’ वाचून सोडून देतात. परदेशच्या तिकिटात ही रक्कम अगदीच फुटकळ नसते.

वाईकर

कृष्णेकाठी घाट आहे, मंगल कार्यालय आहे, स्वारगेटहून एसटी आहे. तिकिटाचा प्रश्नच मिटला.

कैरीचं_पन्हं

@वाईकर, हे मी घरी बोलून बघितलं. भाची म्हणाली, मावशी, तू ये नाहीतर येऊ नकोस. :)

@ठाण्याचा_तिकीटवाला, ‘बघू, कळवतो’वाल्यांचा वेगळा ग्रुप ही कल्पना घेतली. आमच्याकडे तो गट मोठा आहे.

बे_एरियातली_सासुरवाशीण

न्यू जर्सीच्या कुटुंबासाठी लिहिते. आमच्याही दिराचं लग्न फुकेतला होतं, पण त्याआधी पुण्यात केळवणं, ग्रहमख, घरची पूजा. आमच्या डोक्यात आधी हिशोब असा : अमेरिका ते मुंबई जाऊन-येऊन, आणि मुंबई-फुकेत जाऊन-येऊन वेगळं. यात फुकेतहून परत मुंबईला यायचं, तिथून पुन्हा पश्चिमेकडे. लग्न उरकलं होतं, मुलांच्या शाळा बुडत होत्या, आणि पाच तास मागे येऊन पुन्हा निघण्यात काही अर्थ नव्हता.

मग मल्टी-सिटी शोधलं : सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई, आणि परतीचं थेट बँकॉक ते सॅन फ्रान्सिस्को. मधला मुंबई-फुकेत आणि फुकेत-बँकॉक हा तुकडा स्वस्त कंपन्यांचा, वेगळा काढला. जाऊन-येऊनच्या तिकिटाच्या तुलनेत हे महाग पडेल असं वाटलं होतं. पडलं नाही, कारण पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडून येणाऱ्या कंपन्यांचे भाव यात आले. मुंबईहून परत येणाऱ्या डिसेंबरअखेरच्या गर्दीतूनही सुटलो.

दोन तिकिटं वेगळी असली की मध्ये एक पूर्ण रात्र ठेवाच. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. आमच्या नणंदेच्या बाबतीत हेच झालं. एका कंपनीचं विमान चार तास उशिरा उतरलं, पुढचं गेलं, आणि काउंटरवरची बाई तिला अत्यंत गोड आवाजात नवीन तिकिटाची किंमत सांगत होती. हळद चुकली तिची.

आणि अमेरिकेहून निघणाऱ्यांना एक सोय आहे. प्रवासाला सात दिवस किंवा जास्त बाकी असतील आणि विमान कंपनीकडून थेट काढलं असेल, तर चोवीस तासांत तिकीट फुकट रद्द करता येतं. काही कंपन्या त्याऐवजी चोवीस तास भाव धरून ठेवतात. चांगला भाव दिसला की आधी घेऊन टाका आणि मग नवऱ्याला विचारा.

नागपूरचा_जावई

आमच्याकडचं लग्न यूएईतल्या रास अल खैमाला होतं. सगळे म्हणे दुबईचं तिकीट काढा, मुंबईला या, तिथून जा. अरे पण नागपूरहून मुंबई हाच खर्च आधी! नागपूरहून शारजाला थेट विमान आहे हे आमच्या अर्ध्या नातेवाईकांना माहीतच नव्हतं. शारजाहून रास अल खैमा रस्त्याने तासाभराच्या आतबाहेर. दुबईपेक्षा जवळच. मुंबईच्या मंडळींनी तर थेट रास अल खैमाचंच विमान घेतलं, तेही असतं. तात्पर्य काय, की लग्नाच्या गावाच्या आजूबाजूचे सगळे विमानतळ आणि आपल्या गावाजवळचे सगळे विमानतळ, दोन्ही बाजूंनी शोधा. नकाशा उघडून.

दोन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा, त्या तिकिटापेक्षा महाग पडू शकतात. पहिली : पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर नोव्हेंबर २०२२ पासून यूएईचा व्हिजिट व्हिसा अडतो. आमच्या मोठ्या काकूंच्या पासपोर्टवर नुसतं नाव होतं. तिकीट काढायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं.

दुसरी : खसखस. यूएईत खसखशीवर बंदी आहे. रुखवतातले अनारसे तिकडे न्यायचे नाहीत, गरम मसाल्यातही खसखस आहे का ते बघायचं. विड्याची पानंही नाहीत. आमच्या आईने अनारसे केलेच होते. ते आम्ही नागपूरच्या विमानतळावर निरोप द्यायला आलेल्यांना वाटले आणि सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले.

पंचांग_आणि_पासपोर्ट

तारखेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि तिथूनच विमानाचे भाव चढतात. त्यात डिसेंबरच्या सुट्ट्या, परदेशस्थांची ये-जा, थायलंडमधला पर्यटनाचा ऐन हंगाम, सगळं एकाच वेळी. आपण सगळेच त्याच चार शनिवार-रविवारवर तुटून पडतो.

माझ्या बहिणीने बालीला लग्न केलं, आषाढ संपताना. चातुर्मासात कुठे लग्न करतात का, म्हणून आईने आधी तोंड वाकडं केलं. गुरुजींनी पंचांगातले गौणकाळाचे मुहूर्त काढून दाखवले तेव्हा ती गप्प झाली. आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा बालीत कोरडा हंगाम असतो, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. इकडे शाळा सुरू झालेल्या, मे महिन्याची गर्दी ओसरलेली, त्यामुळे विमानाचे भाव उतरलेले. हॉटेलं मात्र तेव्हा स्वस्त नसतात, कारण ऑस्ट्रेलिया आणि युरोपातली माणसं तेव्हाच येतात. आमच्या बाबतीत पाहुणे तिकिटात वाचले आणि यजमान हॉटेलात गेले. मेहुणे अजून ऐकवतात.

थायलंडचंही असंच बघता येतं. फुकेतला पाऊस मे ते ऑक्टोबर. सामुई दुसऱ्या किनाऱ्यावर असल्याने तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये सामुई बऱ्यापैकी कोरडं मिळतं. वरच्या काकांनी सांगितलेला महाग विमानतळ आहेच, पण तारीख तुमच्या हातात असेल तर गणित करून बघा.

बालीला जाताना आम्ही क्वालालंपूरमार्गे वेगवेगळी तिकिटं जोडली होती. बॅगा काढून पुन्हा द्याव्या लागतात, म्हणजे मलेशियात प्रवेश करावा लागतो. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून तिथे व्हिसामाफी आहे, पण आगमनाचा डिजिटल अर्ज आधी भरावा लागतो. बालीला पोचल्यावर व्हिसाचे माणशी पाच लाख रुपिया आणि पर्यटन कराचे दीड लाख रुपिया. हे लाख ऐकून आमच्या काकांचा चेहरा उतरला होता. रुपयांत सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. पण तिकिटांची तुलना करताना ही रक्कम धरायची, कारण थायलंडला ती नव्हती.

ओटीभरण

आम्हाला मॉरिशसचा अनुभव. व्हिसा लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे, साडेसहा तासांच्या आसपास. पण आठवड्यातून ठरावीक दिवशीच. त्यामुळे लग्नाची तारीख मुहूर्तावर नाही, विमानाच्या वारांवर ठरली. आधी वार बघितले, मग गुरुजींना म्हटलं यातला कुठला चालतो बघा.

गुरुजींचं तिकीट वाचलं ते वेगळंच. मॉरिशसमध्ये मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे, एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांची. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. हॉटेलवाल्यांनीच तिथल्या मराठी गुरुजींशी गाठ घालून दिली. मंगलाष्टकांचा उच्चार थोडा फ्रेंच वळणाचा, पण सूर आमच्याकडच्यांपेक्षा बरा होता.

सावंतवाडी_रोड

आमचा प्रवास उलट दिशेचा, पण खर्च आंतरराष्ट्रीयच. लग्न गोव्यात, मुलाचे मित्र आणि चुलत भावंडं लंडनहून.

गोव्याला आता विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. पाहुणे शोधताना फक्त दाबोळीचा कोड टाकतात आणि मोपाची विमानं त्यांना दिसतच नाहीत. उत्तर गोवा किंवा सिंधुदुर्गात कार्य असेल तर मोपा जवळ. दक्षिण गोव्यात असेल तर मोपाहून दोन तास गाडी, तेव्हा तिकिटात वाचलेलं टॅक्सीत जातं. पत्रिकेतच लिहा कुठला विमानतळ.

आमच्याकडच्या बहुतेकांनी लंडन-मुंबई घेतलं, कारण त्यात भाव चांगला होता, आणि पुढे मुंबई-मडगाव वंदे भारत. काहींनी पुढचं विमान घेतलं. त्यांना मुंबईत बॅगा काढून, कस्टम्स करून पुन्हा द्यायच्या होत्या, आणि पुढचं उड्डाण दुसऱ्या टर्मिनलवरून. तीन तास ठेवले होते, तेही पळापळीतच गेले.

ब्रिटनहून निघताना तिकिटात सरकारी प्रवासी कर असतो. मुंबईएवढ्या अंतराला इकॉनॉमीत २०२५-२६ मध्ये तो माणशी ९० पौंड होता. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत माफ. पोरांच्या तिकिटात तो धरलेला नाही ना, बघून घ्या.

नथ_हरवली

बॅगांचं कुणी बोललंच नाही! स्वस्त तिकीट म्हणजे बऱ्याचदा नुसती सीट. लग्नाला कुणी सात किलोची केबिन बॅग घेऊन जातं का? पैठण्या, शालू, फेटे, सनई-चौघड्याचा स्पीकर, देवक, घडीचा चौरंग. आमच्या नवरीच्या एका बॅगेत नुसतं रुखवत. भाव बघताना माणशी पंचवीस किलो धरूनच तुलना करा. कित्येकदा सामान धरून महागडी कंपनीच स्वस्त पडते. सामान वाढवायचंच तर घरून, ऑनलाइन. काउंटरवर किलोमागे जे मागतात त्यात तिकडे नवीन साडी येईल.

काय काय नेऊ नका : कापूर आणि काडेपेटी कुठल्याच बॅगेत चालत नाही. सुकं खोबरंही अडवतात. नारळ, केळीचे खांब, झेंडूची फुलं तिकडेच मिळतात, बँकॉकला तर फुलांचा बाजार बघत राहावा असा आहे. आम्ही पूजेचं सामान सगळ्या वऱ्हाडात वाटून दिलं, प्रत्येकाकडे दोन किलो. अंतरपाट कुणाकडे आहे हे मात्र लिहून ठेवा, आमच्याकडे गुरुजी उभे आणि अंतरपाट अजून दुसऱ्या विमानात.

दागिने बरेच असतील तर निघतानाच आपल्या विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर परत येताना स्वतःच्याच पाटल्यांवर ड्यूटी भरायची वेळ येईल. त्यासाठी तास-दीड तास आधी जा आणि मूल्यांकनाचे कागद बरोबर ठेवा.

दादर_पश्चिम

नावांबद्दल. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच पाहिजे, पत्रिकेप्रमाणे नाही. आमच्या वहिनी घरात एका नावाने, पासपोर्टवर माहेरच्या. सासूबाईंच्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं की नवऱ्याचं, त्यांनाच आठवत नव्हतं. व्हॉट्सॲपवर प्रत्येकाकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि त्यावरूनच टाइप करा. ‘मी सांगते ना’ यावर जाऊ नका. त्याच फोटोत मुदत दिसते. प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक नसतील तर नूतनीकरण आधी, तिकीट नंतर.

थायलंडसाठी मे २०२५ पासून आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर त्या सरकारी नाहीत.

कैरीचं_पन्हं

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून भाचीच्या आईकडे पाठवते आहे. हुआ हिनला दोन मतं मिळाली आहेत, एक आजींचं आणि एक हॉटेलच्या कोटेशनचं. तारीख शनिवारऐवजी बुधवार करायला मुलाकडचे तयार आहेत, फक्त त्यांच्या ऑफिसातल्या मित्रांची कुरकुर आहे.

@ठाण्याचा_तिकीटवाला, एक विचारायचं राहिलं. माझ्या पुतणीचं बाळ जाताना दोन वर्षांच्या आत आहे आणि तिथेच त्याचा दुसरा वाढदिवस होतोय. त्याचं मांडीवरचं तिकीट दोन्ही बाजूंना चालेल का?

ठाण्याचा_तिकीटवाला

जाताना चालेल, परतीला नाही. प्रवासाच्या दिवशी दोन पूर्ण झाले की त्याला स्वतःची सीट लागते. काही कंपन्या पूर्ण प्रवासालाच मुलाचं तिकीट काढायला लावतात, काही फक्त परतीला. कंपनीला आधी विचारून, उत्तर ईमेलवर घ्या. आणि त्याला आजींच्या पीएनआरमध्ये टाकू नका, पुतणीच्याच टाका. आजींसाठी व्हीलचेअर लागणार असेल तर ती तिकीट काढतानाच नोंदवा, निदान दोन दिवस आधी तरी. बुधवार ठरला की कळवा, सोमवारच्या बँकॉकच्या सीरीजमध्ये काही सीटा दिसतायत.